को-क्यू-टेनच्या कॅप्सूल पाच महिने खाल्ल्या, त्याचा हिशोब

आधीच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा माल घेतला, एक ऑनलाइन आणि एक आमच्या कॉलनीतल्या मेडिकलमधून, आणि दोन्ही बाटल्यांवरचा मजकूर वाचला तर एकाच माणसाने एकाच दुपारी बसून लिहिलाय असं वाटेल. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या वस्तूचाच समजा. को-एन्झाइम क्यू-१०, म्हणजे पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा एक पदार्थ, मेडिकलवाले नुसतं 'कोक्यू' म्हणतात.

मी ५६ वर्षांचा, नाशिकला असतो, काम बसून. डिसेंबरात रिपोर्ट केला तर एलडीएल (ते वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलं, डॉक्टरांनी ते कमी करायला रात्रीची एक स्टॅटिनची गोळी चालू केली. जानेवारी संपेपर्यंत पोटऱ्या आणि मांड्या अशा भरून यायला लागल्या की पांडवलेणीच्या ज्या पायऱ्या मी दर रविवारी गप्पा मारत चढायचो तिथे दोनदा बसायला लागलं, आणि खाली उतरताना एक आजी मला 'हळू हो बाबा' म्हणून पुढे गेल्या. मग काय, ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे सल्ला तयार. एक जण म्हणाला अरे स्टॅटिनने शरीरातलं कोक्यू संपतं, तेवढं घे, आठवड्यात पळायला लागशील. मी डॉक्टरांना विचारायच्या आधीच ऑर्डर टाकली, हा माझा गाढवपणा, तो कबूल.

पहिली बाटली. समोर पळणारा माणूस, छातीवर वीज चमकतेय, आणि भला मोठा '१०० मिग्रॅ'. एमआरपी १४९९, ऑफरमध्ये ७४९, ६० कॅप्सूल. म्हटलं दोन महिन्यांची सोय झाली. घरी आल्यावर मागचा बारीक मजकूर चष्मा वर करून वाचला तर १०० मिग्रॅ हे 'एका सर्व्हिंगमध्ये', आणि सर्व्हिंग म्हणजे दोन कॅप्सूल! म्हणजे कॅप्सूल ५०ची आणि बाटली एका महिन्याची. हे खोटं नाहीये, पण खरंही नाही, आपल्याकडे त्याला जे म्हणतात ते इथे लिहिता येत नाही. आत कार्ड होतं, ५ स्टार द्या आणि १०० रुपये कॅशबॅक मिळवा. कॅप्सूल उघडून पाहिली तर कोरडी पिवळी-केशरी पावडर, हळदीच्या भावाची. रंगाचं मात्र बरोबर आहे, हा पदार्थ असाच पिवळा-नारिंगी असतो.

आणि गंमत बघा, चौथ्याच दिवशी मला बरं वाटायला लागलं. पन्नास टक्के फरक, असं मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगितलं. दोघांनी माझ्या सांगण्यावरून मागवली पण.

लेक पुण्याला बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते. तिला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली आणि मग म्हणाली बाबा, चार दिवसांत तर ते रक्तातसुद्धा नीट साठत नाही, आणि तुम्ही ती उपाशीपोटी चहाबरोबर घेताय ना? घेत होतो. मग तिने शनिवारी घरी येऊन जे समजावलं ते इथे लिहितो, कारण मला ते त्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

आपण शाळेत तंतुकणिका शिकलो होतो, पेशीचं ऊर्जागृह वगैरे, परीक्षेत दोन मार्कांना. मायटोकाँड्रिया म्हणजे तेच. जेवणातून जे काही येतं, भाकरी असो की जिलबी, त्यातले इलेक्ट्रॉन शेवटी तिथल्या आतल्या पडद्यावर पोचतात. त्या पडद्यात मोठमोठी प्रथिनं रोवलेली असतात, त्यांना नुसते नंबर दिलेत, एक, दोन, तीन, चार. पण ती एकमेकांना चिकटलेली नसतात. एक आणि दोन नंबरकडून इलेक्ट्रॉन उचलून तीन नंबरला नेऊन देणारा कोणीतरी लागतो, आणि तो म्हणजे हा कोक्यू. लेक म्हणाली पंगतीतला वाढपी समजा. आचाऱ्याकडे कढई भरून मसालेभात आहे, पानं मांडलीत, माणसं बसलीत, पण वाढपी नसेल तर सगळी माणसं मिठाकडे बघत बसणार. कोक्यूला दहा कड्यांची एक लांब तेलकट शेपटी असते (नावातला १० तो हाच, उंदरांमध्ये मुख्यतः नऊ कड्यांचा असतो), त्या शेपटीमुळे तो चरबीच्या पडद्यात सहज इकडून तिकडे पोहत जातो. हे इलेक्ट्रॉन पुढे सरकताना प्रोटॉन पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात, तिथे त्यांची गर्दी साठते, आणि ती गर्दी परत आत येताना गंगापूर धरणातलं पाणी टर्बाइनवर सोडावं तसं एक बारकं यंत्र फिरवते आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. हे साठवून फिरवायचं गणित मांडणारे पीटर मिचेल, त्यांना १९७८ला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सुरुवातीला बऱ्याच जणांना ते पटत नव्हतं म्हणे, आणि खरं सांगू, ऐकल्यावर मलाही पटायला दोन चहा लागले.

दुसरं काम म्हणजे ते अँटिऑक्सिडंट. हा शब्द आता इतका स्वस्त झालाय की शाम्पूवरही असतो, पण इथे त्याला खराखुरा अर्थ आहे. शेंगदाणे फोडून पावसाळ्यात उघडे ठेवले की खवट होतात ना, तसा प्रकार पेशींच्या पडद्यातल्या चरबीचाही होऊ शकतो. कोक्यूचं एक रूप म्हणजे युबिक्विनॉल, ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन आहेत, ते हा खवटपणा थांबवतं, आणि वापरून निकामी झालेलं व्हिटॅमिन ई परत कामाला लावतं. इलेक्ट्रॉन देऊन टाकले की त्याचं युबिक्विनोन होतं. शरीर एकाचं दुसरं आणि दुसऱ्याचं पहिलं दिवसभर करतच असतं. म्हणून बाजारात 'युबिक्विनॉल' लिहून दुप्पट भाव लावतात तेव्हा जरा थांबावं, तेलात नीट विरघळवलेलं साधं युबिक्विनोनही चालतं, असं लेकीचं मत आणि माझ्या खिशाचंही.

मग हे व्हिटॅमिन का नाही? कारण व्हिटॅमिन बाहेरून खावं लागतं, आणि हे आपलं शरीर स्वतः बनवतं. अगदी थोड्या लोकांमध्ये ते बनवण्याच्या जनुकातच बिघाड असतो, त्यांना मात्र हे औषध म्हणूनच लागतं, लहान मुलं असतात बिचारी, तो विषय वेगळा. आपल्यासारख्यांच्या हृदयात, यकृतात, किडनीत ते भरपूर असतं, वय वाढेल तसं काही अवयवांत कमी होत जातं. जेवणातून दिवसाला साधारण ३ ते ६ मिग्रॅ मिळतं, बांगडा, तारली, कलेजी, शेंगदाणे, तीळ, सोयाबीन तेल यातून. एका १०० मिग्रॅच्या कॅप्सूलइतकं शेंगदाण्यातून काढायचं तर साडेतीन-चार किलो खावे लागतील, आणि मग पोटऱ्यांचं दुखणं आठवणारच नाही.

आता स्टॅटिनचं. हे मला माहीतच नव्हतं की कोलेस्टेरॉल आणि कोक्यू ही एकाच वाटेवरची गावं आहेत. यकृतात एक रस्ता निघतो, पुढे त्याला फाटे फुटतात, एक कोलेस्टेरॉलकडे जातो, एक कोक्यूच्या शेपटीकडे. स्टॅटिनची गोळी फाट्याच्या अलीकडेच नाका लावते. त्यामुळे रक्तातलं कोक्यू खरंच कमी होतं, ग्रुपमधला तो मित्र तेवढ्यापुरता बरोबर होता. एक योगायोग सांगतो. कोक्यू सापडलं १९५७ला, अमेरिकेत विस्कॉन्सिनला, फ्रेडरिक क्रेन यांनी गाईबैलांच्या हृदयातून वेगळं केलं, आणि त्याची रचना १९५८ला शोधली ती मर्क कंपनीतल्या कार्ल फोकर्स यांच्या टीमने. त्याच मर्कने १९८७ला बाजारातलं पहिलं स्टॅटिन आणलं. इतकंच काय, १९९०ला स्टॅटिन आणि कोक्यू एकत्र देण्याची पेटंटंही त्यांनी घेतली होती, पण तशी गोळी काही बाजारात आली नाही. यावर लोक काय काय कहाण्या रचतात ते तुम्हाला फॅमिली ग्रुपवर मिळेलच.

तर हे सगळं ऐकून मी म्हणालो बघ म्हणजे घ्यायलाच पाहिजे. लेक म्हणाली थांबा, रक्तात कमी झालं म्हणजे स्नायूत कमी झालं असं नाही, आणि स्नायूत कमी झालं तरी दुखणं त्यानेच आहे असं नाही. आणि मग तिने त्या पंगतीचाच पुढचा भाग सांगितला जो मला आजही पटतो. वाढपी कमी असतील तर चार उभे केल्यावर पंगत झटक्यात उठते. पण वाढपी पुरेसे असताना आणखी दहा घुसवले तर भात वाढणार नाही, कोणाच्या तरी पाठीवर कढी सांडेल. बाटलीवर जो 'एनर्जी' शब्द लिहिलाय तो या दुसऱ्या पंगतीतल्या लोकांना विकलेला असतो.

मार्चमध्ये मी कॉलनीतल्या मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची घेतली, तेलातली सॉफ्टजेल, १०० मिग्रॅची एक, ६०ची बाटली ११४० रुपये, आणि इथे १०० म्हणजे खरंच एका कॅप्सूलमध्ये १००. हा रेणू मोठा आणि पाण्याशी वैर असलेला, कोरड्या पावडरीतून तो फारसा अंगी लागत नाही, म्हणून तेलातला घ्यायचा आणि जेवणाबरोबर घ्यायचा. मी दुपारच्या वरण-भात-तुपाबरोबर घ्यायला लागलो. दोन-तीनदा रात्री घेतली तर झोप उशिरा लागली, ते कॅप्सूलमुळे की मॅचमुळे सांगता येत नाही. पोटाला एक-दोन दिवस जळजळ, मग काही नाही. बाटलीवर तपकिरी खूण आहे कारण वरचं कवच जिलेटिनचं, हे आईने संकष्टीला बघितलं आणि त्या दिवशी घरात जे झालं ते जाऊ द्या. शाकाहारी लोकांनी हिरवी खूण बघूनच घ्या, तशाही मिळतात. आणखी एक तक्रार, एप्रिलमधल्या नाशिकच्या उन्हात बाटली ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवली तर कॅप्सूल एकमेकींना चिकटून लाडू झाला. मेडिकलवाला म्हणाला एसीत ठेवा. एसी माझ्याकडे नाही, मग फ्रिजच्या दारात गेली लोणच्याशेजारी.

दोन महिने झाले आणि मला कळेना की फरक आहे का नाही. कधी वाटायचं आहे, कधी नाही. तेव्हा लेकीने एका प्रयोगाचं सांगितलं, लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा, २०२०चा. ६० लोक घेतले, ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलं होतं. त्यांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या, चार महिने खरं स्टॅटिन, चार महिने दिसायला तशीच पण रिकामी गोळी, चार महिने काहीच नाही, सगळं उलटसुलट क्रमाने. रोज मोबाइलवर त्रासाला १००पैकी मार्क द्यायचे. गोळीच नाही त्या महिन्यांत सरासरी ८, खऱ्या स्टॅटिनवर १६.३, आणि खोट्या गोळीवर १५.४! म्हणजे त्रास खरा, लोक खोटं बोलत नव्हते, पण त्यातला बहुतेक गोळी घेतल्याने होत होता, गोळीतल्या औषधाने नाही. हे वाचून मला थोडा राग आला, मग थोडी लाज वाटली.

मग आम्ही घरीच केलं. मे-जून, आठ आठवडे, दोन-दोन आठवड्यांचे चार हप्ते. आईच्या उरलेल्या जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल घरात होत्या, साधारण त्याच आकाराच्या. दुपारी पानावर बसलो की बायको म्हणायची डोळे मिटा, तोंडात टाकायची, वर पाणी. कुठल्या हप्त्यात कुठली हे तिने नाणं उडवून ठरवलं आणि डाळीच्या डब्यात चिठ्ठी ठेवली. मी रोज रात्री कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात दुखण्याला १०पैकी मार्क लिहायचो, दूधवाल्याच्या हिशोबाच्या खाली. (दूधवाल्याने एकदा विचारलं साहेब पाच लिटर कधी घेतलं.) लेकीचं म्हणणं होतं दोन आठवडे कमी पडतात, आधीचं अंगातून उतरायलाच आठवडा जातो, पण बायकोची सहनशक्ती तेवढीच होती.

जूनच्या शेवटी चिठ्ठी काढली. कोक्यूच्या दिवसांची सरासरी ३.९, जवसाची ४.१. बस. सगळ्यात वाईट आठवडा, सलग तीन दिवस ७, तो निघाला कोक्यूचाच, आणि तेव्हा मी सिन्नरकडे भाच्याच्या लग्नात दोन पंगतींना वाढायला उभा होतो! लेक त्यावर इतकी हसली की फोन तिच्या रूममेटने उचलला.

यानंतर शहाण्यासारखं डॉक्टरांकडे गेलो, जे जानेवारीतच जायला हवं होतं. त्यांनी सीपीके केलं (स्नायूंना इजा झालीय का ते बघायची रक्ततपासणी), ते नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. व्हिटॅमिन डी १४, म्हणजे अगदीच कमी. नाशिकसारख्या उन्हाच्या गावात राहून! त्यांनी डीचा कोर्स दिला, स्टॅटिन बदलून कमी डोसचं दिलं, आणि मनाने गोळी बंद करायची नाही असा दम दिला, कारण स्टॅटिनचा फायदा हार्ट अटॅक टाळण्याचा आहे आणि तो दुखण्यासारखा जाणवत नाही म्हणून लोक विसरतात. कोक्यूबद्दल म्हणाले घ्यायची तर घ्या, मी लिहून देणार नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतही स्टॅटिनवरच्या लोकांना हे सरसकट देऊ नका असंच आहे. छोट्या छोट्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत, काहींत फायदा दिसतो, काहींत नाही.

पण म्हणून वस्तूच भंकस आहे असं म्हणून मोकळं होऊ नका, हे मला मुद्दाम लिहायचंय. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या ४२० पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१४ला छापून आला, नेहमीच्या औषधांच्या जोडीला १०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, दोन वर्षं. कोक्यूवाल्यांत गंभीर हृदयविकाराच्या घटना १५ टक्के, रिकाम्या गोळीवाल्यांत २६ टक्के. हा फरक लहान नाही, आणि जपानमध्ये तर १९७४पासून हृदयाच्या अशा दुखण्यात हे औषध म्हणून दिलं जायचं. आणि त्याच २०१४ला पार्किन्सनच्या ६०० पेशंटवरचा अभ्यास आला, दिवसाला २४०० मिग्रॅपर्यंत दिलं, फायदा शून्य, मध्येच थांबवायला लागला. पेशीतली वीज दोन्हीकडे तीच, वाढपी तोच. सेल्समन तुम्हाला पहिला अभ्यास सांगेल आणि दुसऱ्याच्या वेळी त्याला फोन येईल. गायनॅकही आजकाल मूल होण्याच्या ट्रीटमेंटमध्ये हे बऱ्याचदा देतात, त्यातलं मला कळत नाही, ज्यांना दिलंय त्यांनी माझं वाचून बंद करू नये.

एक धोक्याचं मात्र लक्षात ठेवा. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. कोक्यूची घडण व्हिटॅमिन केसारखी असल्याने त्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. आमच्या शेजारच्या काकांचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला आहे आणि ते माझ्याकडे बाटलीचा फोटो मागायला आले होते, मी दिला नाही, अजून रुसलेत. बाटलीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतं, कायद्याने छापावंच लागतं, आणि बरोबर त्याच्या वरच्या ओळीत हार्टचं चित्र असतं.

मार्क द्यायचे तर पहिल्या बाटलीला पाचपैकी एक, तो एक रंगाचा. सॉफ्टजेलवाल्या कंपनीला साडेतीन, माल प्रामाणिक आहे, बुच नीट बसतं, तारीख ठळक आहे, उन्हाचं तेवढं बघा. माझ्या पोटऱ्यांसाठी म्हणून विचाराल तर दीड. तीन बाटल्यांचा (सॉफ्टजेलच्या दोन) एकूण खर्च ३०२९ रुपये, अधिक जवसाच्या कॅप्सूल, त्यांचा हिशोब आईने लावलेला नाही. ज्या दोघांना मी फेब्रुवारीत पन्नास टक्के फरक सांगितला होता त्यातल्या एकाला म्हणे खरंच बरं वाटतंय, तो रोज चहाबरोबर घेतो. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तिसऱ्या बाटलीतल्या ३२ कॅप्सूल फ्रिजच्या दारात आहेत, पुढच्या मार्चपर्यंत चालतात. पाय आता जरा बरे आहेत, डीमुळे की बदललेल्या गोळीमुळे की आजकाल रविवारी आजींच्या मागे हळू चढतो म्हणून, ते बघायला परत डोळे मिटून बसायला लागेल आणि बायको म्हणते आता कालनिर्णयवर जागा नाही.